गावरान, हायब्रीड, बीटी : नगर जिल्ह्यातून पाहिलेला एक अन्नवाद

जनुकीय परिवर्तन केलेले अन्न खावे की खाऊ नये, हा वाद मराठीत गेली पंचवीस वर्षे चालू आहे. त्याची मांडणी बहुतेक वेळा दोन परिभाषांत झाली. एक कृषिशास्त्राची, दुसरी चळवळींची. पहिलीत प्रथिने, चाचण्या, उत्पादकता हे शब्द येतात. दुसरीत स्वावलंबन, मक्तेदारी, विष हे. या दोहोंच्या मध्ये आणखी एक भाषा आहे. ती शेतकऱ्याच्या आणि पिशवी घेऊन बाजारात जाणाऱ्या माणसाच्या तोंडची आहे, आणि तिने हा सगळा वाद तीन विशेषणांत साठवून ठेवला आहे : गावरान, हायब्रीड, बीटी. साहित्याच्या अभ्यासकांना या वादात बोलण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर असे की, ही तीन विशेषणे आमच्या कक्षेत येतात. शब्दांना अर्थ कसा चिकटतो, तो केव्हा बदलतो आणि बदललेला अर्थ विचाराला मदत करतो की अडथळा, हे पाहणे हेच आमचे काम आहे.

त्यासाठी आम्ही अहमदनगर जिल्हा निवडला आहे. २०२४ मध्ये त्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या घटनांविषयी लिहिताना आम्ही नगर असेच म्हणू. निवडीचे कारण साधे आहे. या वादाच्या दोन्ही टोकांना देशभर ओळखली गेलेली माणसे याच जिल्ह्यातली आहेत. गावरान बियाण्यांच्या रक्षक राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या, तर परिवर्तित बियाण्यांच्या स्वातंत्र्यासाठी सविनय कायदेभंग पुकारणाऱ्या शेतकरी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल घनवट श्रीगोंद्याचे. आणि या दोन टोकांच्या मध्ये, राहुरीला, १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. इतका पुरता नकाशा एका जिल्ह्यात क्वचितच सापडेल.

या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते आधीच सांगून टाकतो. अन्नाच्या वादात तीन वेगवेगळे प्रश्न असतात. हे खाल्ल्याने अपाय होतो का, हा पहिला. हे पिकवल्याने फायदा कोणाला होतो, हा दुसरा. आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा तिसरा. आपल्या तीन विशेषणांनी हे तिन्ही प्रश्न एकत्र कालवले. त्यामुळे अधिकाराचा राग अपायाच्या भाषेत बोलला गेला, आणि अपायाच्या शंकेला फायद्याच्या आकड्यांनी उत्तर दिले गेले.

मिलो आणि हायब्रीड

परक्या अन्नाविषयीचा संशय बीटीपासून सुरू झाला नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत अमेरिकेचा गहू ‘पीएल ४८०’ योजनेखाली आला. पुण्याच्या परिसरात पन्नाशीच्या दशकात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत त्या गव्हाबरोबरच आले, अशी समजूत रूढ झाली आणि लोकांनी त्या तणाचे नाव ‘काँग्रेस गवत’ ठेवले. पुढे १९७२ च्या दुष्काळात रेशनवर ‘मिलो’ नावाची लाल ज्वारी आली. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील तालुक्यांनी हा दुष्काळ खडी फोडत काढला. दुष्काळी कामावरची सुकडी आणि रेशनवरची मिलो ही त्या पिढीच्या जिभेवरची आठवण आहे. मिलो अमेरिकेत जनावरांना घालतात, हे वाक्य तेव्हा घरोघरी बोलले गेले. ते खोटे नव्हते. अमेरिकेत ज्वारीचा मोठा वापर पशुखाद्यासाठीच होतो. परंतु त्या वाक्यातला बोचरा भाग आरोग्याचा नव्हता. आपल्याला कोणाच्या पंक्तीला बसवले, हा त्यातला प्रश्न होता. तो अपमान होता, आणि अपमान सांगण्यासाठी ‘हे बाधते’ ही भाषा वापरली गेली.

त्याच काळात देशी प्रयत्नही चालू होते. १९६४ मध्ये ‘सीएसएच-१’ हा ज्वारीचा पहिला व्यापारी संकरित वाण आला. १९६५ मध्ये मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यात शनिवारवाड्यासमोर, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, अशा अर्थाची घोषणा केली. संकरित बियाण्यांचा प्रसार हा त्या घोषणेचा कणा होता. संकरित ज्वारीने खरिपात उतारा वाढवला यात शंका नाही. पण ती लवकर तयार होई, काढणीच्या वेळी पाऊस गाठे, कणसावर बुरशी चढे आणि दाणा काळा पडे. भाकरीला चव नाही आणि ताट बुटके असल्यामुळे कडबा कमी, या दोन तक्रारी कायमच्या झाल्या. ‘हायब्रीड’ हा इंग्रजी शब्द याच मार्गाने मराठी बोलीत शिरला. थोड्याच वर्षांत तो धान्यावरून माणसांवर गेला. हायब्रीड खाऊन वाढलेली पोरे म्हणजे दिसायला भरलेली पण कसाला न टिकणारी, असा त्याचा लाक्षणिक अर्थ जुन्या माणसांच्या बोलण्यात आजही ऐकू येतो.

नगर जिल्ह्याच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. इथली मुख्य ज्वारी रब्बीची, म्हणजे शाळू. जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर, श्रीगोंदा या भागांत ती परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. संकरित ज्वारीने खरीप जिंकला, पण रब्बीत तिला पाय रोवता आले नाहीत. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडीने आपली जागा सोडली नाही. शेतकरी दाणा आणि कडबा दोन्ही मोजत होता, आणि घरातली बाई भाकरी मोजत होती. पुढे राहुरीच्या विद्यापीठाने फुले यशोदा, फुले वसुधा, फुले रेवती असे रब्बी ज्वारीचे वाण दिले, ते संकरित नसून सरळ वाण आहेत. त्यांचे बी घरी धरता येते. या प्रसंगात शेतकऱ्याने विज्ञान नाकारले असे म्हणता येणार नाही. त्याने एक तंत्र नाकारले आणि दुसरे घेतले. नाकारण्याचा आणि घेण्याचा अधिकार त्याच्या हाती होता, म्हणून हा वाद रस्त्यावर आला नाही.

‘संकर’ शब्दाचे ओझे

शास्त्रीय मराठीने हायब्रीडसाठी ‘संकरित’ हा शब्द घेतला. तो अचूक आहे, पण कोरा नाही. आपल्या परंपरेत ‘संकर’ हा शब्द ‘वर्णसंकर’ या भयाला जोडलेला आहे. मिसळण म्हणजे अधःपात, हा अर्थ त्याच्या पोटात शतकानुशतके आहे. बियाण्याच्या संदर्भात हा शब्द वापरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ते भय असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ‘शुद्ध देशी’, ‘अस्सल’, ‘भेसळ नसलेले’ ही विशेषणे बियाण्यांच्या वादात जेव्हा भराभर येतात, तेव्हा त्यांच्यामागून शुद्धतेचा जुना आग्रहही आत येतो का, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाला टाळता येणार नाही.

राहुरीच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्यांनी या बाबतीत वेगळा मार्ग दाखवला होता. जोतीराव फुले यांच्या १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन जितके आहे तितकाच उपायांचा विचार आहे. सरकारने परमुलखांतून उत्तम शेळ्यामेंढ्यांची बेणी आणून येथे त्यांची पैदास करावी, अशी सूचना त्यात आहे. बांधबंदिस्ती आणि पाण्याचा विचार आहे. फुल्यांना बाहेरून आलेल्या चांगल्या गोष्टीचे भय नव्हते. त्यांचा प्रश्न असा होता की, विद्या आणि साधने शेतकऱ्याच्या हाती येतात की त्याच्या डोक्यावरून जातात. राहुरीच्याच विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तीन जातींच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. हे नावही बोलके आहे. ‘संकर’ म्हटल्यावर मनात जे येते ते ‘त्रिवेणी’ म्हटल्यावर येत नाही. तिथे तीन प्रवाहांचा संगम होतो आणि तो पवित्र मानला जातो.

इकडे ‘गावरान’ आणि ‘गावठी’ या शब्दांचा प्रवास उलट दिशेने झाला. शिष्ट मराठीत ‘गावठी’ म्हणजे अडाणी, ओबडधोबड. शाळेत शिक्षकांनी हा शब्द शिवीसारखा वापरलेला अनेकांनी ऐकला असेल. तोच शब्द शहराच्या बाजारात गावठी अंडी, गावरान कोंबडी, गावरान तूप असा आला तेव्हा भाव चढवणारा झाला. ज्या दशकांत खेड्यातले बियाणे खेड्यातून नाहीसे होत होते, त्याच दशकांत ‘गावरान’ ही शहरातली पाटी झाली. तिच्यात खरी चव आहे, खरी हळहळही आहे. मात्र गावरान म्हणजे निर्धोक असे समीकरण तेवढ्याने सिद्ध होत नाही. विदर्भात परंपरेने खाल्ली जाणारी लाखेची डाळ पूर्णपणे गावरान आहे. ती दीर्घकाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ल्यास पायांना लुळेपणा येतो, म्हणून १९६१ पासून तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली होती. निसर्ग आपल्या प्रकृतीचा विचार करून पिके देत नाही.

सरकीची वाट

आता तिसऱ्या शब्दाकडे येऊ. ‘बीटी’ हे एका जिवाणूच्या नावाचे लघुरूप आहे : बॅसिलस थुरिंजिएन्सिस. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशमाच्या किड्यांच्या रोगाचा शोध घेताना तो सापडला, आणि पुढे जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतातील नमुन्यावरून त्याला हे नाव मिळाले. हा जिवाणू जे स्फटिकरूप प्रथिन तयार करतो ते अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तिथल्या विशिष्ट ग्राहकांना चिकटते आणि आतड्याला छिद्रे पाडते. माणसाचे जठर आम्लधर्मी असते आणि तसे ग्राहक त्यात नसतात. तिथे हे प्रथिन पचून जाते. म्हणूनच या जिवाणूची फवारणी रसायनमुक्त शेती करणारेही कित्येक दशके करीत आले आहेत. नवे तंत्र एवढेच होते की, ते प्रथिन बनवणारे जनुक झाडातच घातले गेले.

२६ मार्च २००२ रोजी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. ते बियाणे जालन्याच्या महिको कंपनीचे होते. जनुकाचे तंत्र अमेरिकेच्या मोन्सँटोचे. आदल्याच वर्षी गुजरातमध्ये परवानगी नसलेला बीटी कापूस हजारो एकरांवर उभा सापडला होता, आणि तो जाळू नये म्हणून शेतकरी संघटनेचे शरद जोशी शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले होते. परवानगीनंतर दहाएक वर्षांत देशातील कापसाच्या नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्रावर बीटी पोचला. नगर जिल्ह्यात शेवगाव, पाथर्डी, नेवासे या कापसाच्या तालुक्यांतही तेच झाले. याच २००२ मध्ये सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ प्रसिद्ध झाली. कर्ज, पाऊस, भाव, सावकार यांनी आपले ग्रामीण साहित्य भरले आहे. बियाण्याची पिशवी मात्र आमच्या वाचनात त्या मानाने क्वचितच येते, आणि खरा बदल तिच्यात झाला होता.

कापूस हे धाग्याचे पीक, त्याचा अन्नाशी काय संबंध, असे मानून बीटी कापसाचा वाद शेतीच्या पानावर ठेवला गेला. पण वेचलेल्या कापसाच्या वजनात रुई साधारण एक तृतीयांश असते. उरलेली दोन तृतीयांश सरकी. तिचे तेल खाद्यतेलाच्या व्यवहारात जाते आणि पेंड जनावरांच्या गव्हाणीत. नगर हा दुधासाठी राज्यात अग्रेसर असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी इथल्या गोठ्यांत सरकीची पेंड हा रोजचा खुराक आहे. तेव्हा परिवर्तित पीक आपल्या अन्नसाखळीत येऊ द्यावे की नाही, यावर व्याख्याने होत असताना ते सरकीच्या वाटेने येऊन बसलेही होते. शिवाय अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून आयात होणारे सोयाबीन तेल बहुतांशी परिवर्तित सोयाबीनचेच असते. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने कोंबड्यांच्या खाद्यासाठी परिवर्तित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली.

यात अपाय झाला का? शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही, आणि पेंडीतले प्रथिन गाईच्या पोटात इतर प्रथिनांसारखेच मोडते. सरकीत मुळातच गॉसिपॉल नावाचे नैसर्गिक विषारी द्रव्य असते. तेल शुद्ध करण्याचे एक कारण तेच आहे, आणि ते बीटीच्या कितीतरी आधीचे आहे. आरोग्याच्या दृष्टीने ही वाट धोक्याची होती असे म्हणायला आधार नाही. परंतु तिसरा प्रश्न शिल्लक राहतो. खाणाऱ्याला हे कोणी सांगितले? वेष्टनातील परिवर्तित अन्नावर तशी अक्षरे छापावीत असा नियम १ जानेवारी २०१३ पासून लागू झाला. तेलाच्या डब्यावरची ती अक्षरे वाचून किराणा घेतल्याचे सांगणारे कोणी आम्हांला तरी भेटलेले नाही. न सांगता वाढलेले अन्न निर्धोक असले तरी संशय निर्माण करते, हे मिलोच्या वेळीच कळले होते.

वांग्याचा निकाल

अन्न म्हणून समोर आलेले पहिले पीक वांगे. शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर वारंवार फवारे मारावे लागतात, हे नगरच्या कोणत्याही भाजीपाला पिकवणाऱ्याला ठाऊक आहे. महिकोने बीटी वांगे तयार केले. धारवाड आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांनीही त्या तंत्रावर आपापले वाण केले. त्याच्या सुरक्षा चाचण्यांची माहिती कंपनीने सरकारला दिली होती, पण ती लोकांसमोर नव्हती. माहितीच्या अधिकाराखाली दीर्घकाळ झगडून ती २००८ मध्ये खुली झाली. या अधिकाराच्या इतिहासात पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे नाव आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा महाराष्ट्राच्या २००२ च्या माहिती अधिकार कायद्यात मोठा वाटा होता. देशाचा कायदा २००५ मध्ये आला. वांग्याच्या वादात नगर जिल्ह्याचा हा अप्रत्यक्ष भाग सहसा कोणी मोजत नाही.

१४ ऑक्टोबर २००९ रोजी मंजुरी समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी निर्णय लगेच अमलात न आणता सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रातील सुनावणी जानेवारी २०१० मध्ये नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. ती आजही उठलेली नाही. स्थगितीची कारणे वाचली तर त्यांत वांगे विषारी आहे असे कुठेही सिद्ध केलेले नाही. शास्त्रज्ञांत एकमत नाही, स्वतंत्र चाचण्या अपुऱ्या आहेत, अनेक राज्यांचा विरोध आहे, वांग्याच्या असंख्य वाणांचे हे माहेरघर आहे आणि घाई करण्याजोगी निकड नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे निर्णय प्रामुख्याने विश्वासाच्या अभावावर दिला गेला. लोकांच्या बोलण्यात मात्र तो ‘वांग्यात विष निघाले’ असा पोचला. दुसरीकडे बांगलादेशाने ऑक्टोबर २०१३ मध्ये तेच तंत्र स्वीकारले आणि जानेवारी २०१४ मध्ये वीस शेतकऱ्यांना रोपे दिली. तिथे हे बियाणे सरकारी संशोधन संस्थेमार्फत आले, संकरित नसलेल्या वाणांत आले आणि शेतकऱ्याला बी धरून ठेवता आले. तंत्र एक, पण मालकीची रीत निराळी, म्हणून त्याचे सामाजिक आयुष्यही निराळे.

भारतात बीटी कापूस जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतच विकला गेला. संकरिताचे बी पुढच्या वर्षी तसेच उगवत नाही, म्हणून दरवर्षी पिशवी विकत घेणे भाग पडले. १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या ‘टर्मिनेटर’ पेटंटची बातमी आली आणि वांझ बियाण्याची धास्ती देशभर पसरली. ते तंत्र कधीही बाजारात आले नाही. पण शेतकऱ्याला दुकानाच्या दारात उभे करण्याचे काम साध्या संकराने आधीच केले होते. वांझ हा शब्द वस्तुस्थितीला धरून नव्हता. त्यामागचे परावलंबन मात्र खरे होते.

अकोले आणि श्रीगोंदा

राहीबाई पोपेरे यांचे गाव कोंभाळणे सह्याद्रीच्या कुशीत आहे. महादेव कोळी समाजातील, शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भात, भाजीपाला यांचे गावरान वाण जमवले, राखेत आणि मडक्यांत जपले आणि बायफ संस्थेच्या साहाय्याने त्यांची बियाणे बँक उभी केली. आपल्या नातवाच्या आजारपणाचा संबंध फवारलेल्या भाजीशी लावून आपण या कामाकडे वळलो, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांना ‘बीजमाता’ म्हणतात. या शब्दात आदर आहे, आणि एक धोकाही. मातेला मखरात बसवले की तिच्या कामातला विचार बाजूला पडतो. राहीबाईंनी केवळ जुने सांभाळले नाही. कोणते बी कोणत्या जमिनीला, किती पाण्याला, कोणत्या चवीला चालते, याची निवड त्या करीत आल्या. तिला ज्ञान म्हणायचे की माया, हे आपल्या शब्दनिवडीवरून ठरते.

दुसऱ्या टोकाला १० जून २०१९ चा दिवस आहे. त्या दिवशी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक सहन करणारा, सरकारने परवानगी न दिलेला ‘एचटीबीटी’ कापूस उघडपणे पेरला. संघटनेचे त्या वेळचे अध्यक्ष अनिल घनवट या आंदोलनाच्या अग्रभागी होते. तेव्हाच्या पर्यावरण संरक्षण कायद्यात अशा पेरणीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड होता, आणि पेरणाऱ्यांवर गुन्हेही दाखल झाले. संघटनेचे म्हणणे असे की, जगातला शेतकरी जे तंत्र वापरतो ते वापरण्यास आम्हांला मज्जाव का? निंदणीला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही; मग तण कोणी काढायचे? हे बियाणे त्या आधीपासूनच चोरून विकले जात होते आणि गावाने त्याला ‘चोर बीटी’ हे नाव दिले होते. या नावात तक्रार आहे की कौतुक, हे सांगणे कठीण.

या मागणीचीही चिकित्सा झाली पाहिजे. २०१७ मध्ये महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने बीटी कापूस पोखरला, कारण अळीत प्रतिकारशक्ती आली होती. ती लांबवण्यासाठी ४५० ग्रॅमच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम नॉन-बीटीची पुडी दिली जाई. कडेने ती पेरावी अशी अपेक्षा होती. बहुतेकांनी ती पेरली नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. तणनाशकाच्या बाबतीत तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्ककारक’ गटात घातले. इतर नियामक संस्थांनी त्याच्याशी मतभेद नोंदवले. म्हणजे धोका असलाच तर तो जनुकापेक्षा त्याच्याबरोबर येणाऱ्या फवाऱ्यात आणि शिस्तीच्या अभावात आहे. चोरट्या बाजारात शिस्त लावायची कोणी, याचे उत्तर संघटनेनेही दिले पाहिजे आणि परवानगीचा प्रश्न वर्षानुवर्षे भिजत ठेवणाऱ्या सरकारनेही.

अकोले आणि श्रीगोंदा एकमेकांच्या विरुद्ध उभे आहेत, असे वृत्तपत्रांतून वाटते. आम्हांला त्यांच्यात एक समान भूमी दिसते. बियाण्याचा निर्णय शेतकऱ्याच्या हाती असावा, हे दोघांचेही म्हणणे आहे. एकीकडे तो जपण्याच्या हक्कातून मागितला जातो, दुसरीकडे निवडण्याच्या. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क मान्य केला आहे. निवडण्याच्या हक्काला मात्र अजून निश्चित चौकट नाही. आणि दोन्ही बाजूंच्या मांडणीत ताटावर बसलेला माणूस मागे राहिला आहे.

आजची स्थिती

अपायाच्या प्रश्नाला आजचे विज्ञान काय उत्तर देते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासून, बाजारात असलेले परिवर्तित अन्न त्याच पिकाच्या साध्या अन्नापेक्षा अधिक धोक्याचे असल्याचा पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष काढला. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही जवळपास तीच आहे. सर्व परिवर्तित पदार्थांना एकच निकाल लावता येत नाही, प्रत्येक पीक स्वतंत्रपणे तपासावे, असे ती सांगते. ‘परिवर्तित’ हा शब्द एका कृतीचे नाव आहे, एका पदार्थाचे नाही. त्यामुळे सरसकट ‘सुरक्षित’ आणि सरसकट ‘विष’ ही दोन्ही उत्तरे चुकीच्या प्रश्नाची आहेत.

अधिकाराचा प्रश्न मात्र उघडाच आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये परिवर्तित मोहरीला मंजुरी समितीने पुढची वाट दिली. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्यावर परस्परविरुद्ध निकाल दिले. या विषयावर केंद्राने सर्वांशी विचारविनिमय करून राष्ट्रीय धोरण आखावे, एवढ्यावर दोघांचेही एकमत होते. ४ मे २०२५ रोजी भाताचे दोन जनुक-संपादित वाण जाहीर झाले : ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’. यांत परक्या जीवाचे जनुक घातलेले नाही. भाताच्याच जनुकांत नेमका बदल केला आहे. अशा पिकांना जुन्या कडक नियमांतून मार्च २०२२ मध्येच सूट मिळाली होती. हा भात गावात येईल तेव्हा लोक त्याला काय म्हणतील? हायब्रीड, बीटी, की पुसाचा म्हणून सरकारी? जो शब्द रूढ होईल त्यावर त्याचे अर्धे भवितव्य ठरेल.

आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींपैकी अनेकांच्या घरी गोठा आहे, शाळू आहे, कापूसही आहे. ‘गावरान’ या शब्दावर ती निबंध सुरेख लिहितात, आणि त्या निबंधात शहराने शिकवलेली हळहळ पुष्कळ असते. त्यांना आमची सूचना असते की, वाक्यात ‘विष’ आले की थांबा आणि विचारा : हे पोटाविषयी बोलणे चालले आहे, खिशाविषयी, की मानाविषयी? तिन्ही विषय महत्त्वाचे आहेत. पोटाच्या प्रश्नाला प्रयोगशाळेने उत्तर द्यावे, खिशाच्या प्रश्नाला बाजाराच्या हिशेबाने, आणि मानाच्या प्रश्नाला लोकांना विचारून घेतलेल्या निर्णयाने. राष्ट्रीय धोरणाचा मसुदा येईल तेव्हा तो मराठीत, शेवगावच्या कापूसवाल्याला आणि संगमनेरच्या दूधवाल्याला वाचता येईल अशा भाषेत असावा, ही मागणी तरी भाषेच्या शिक्षकांनी आतापासून करायला हरकत नाही.